संप्रदायात न जाता, एकट्यानं साधना करून आध्यात्मिक प्रगती होते का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी वीस मिनिटं ध्यानाला बसता, देव मानता, पण देवळं, महाराज आणि समित्या यांचा उबग आलाय. घरचे म्हणतात, संप्रदाय नसेल तर हे सगळं वाया. मी वारकरी घरातली आहे. दुसऱ्या पंथांबद्दल अधिकारानं बोलू शकत नाही, म्हणून जे स्वतः धरलं आणि सोडलं तेवढंच सांगते.

आमचं गाव फलटण तालुक्यात. वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली की एकादशी धरायची, मांस-मद्य वर्ज्य, रोज हरिपाठ, आणि पंढरीची वारी चुकवायची नाही. मन शांत झालंच पाहिजे, अनुभव आलाच पाहिजे, अशी अट त्यात कुठेच नाही. कॉलेजात असताना मला हे फार कोरडं वाटायचं. एका वर्षी कांद्यानं घात केला, सोसायटीचं कर्ज अंगावर आलं. वडील आठ-आठ दिवस कुणाशी धड बोलत नव्हते, पण संध्याकाळी सात वाजले की टाळ घेऊन देवळात. मी विचारलं, "मन लागतं का तुमचं?" म्हणाले, "नाही लागत. मी पुढं जातो, ते येतं मागनं."

हरिपाठाला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं असायची, समोरासमोर दोन रांगांत. टाळाची दोरी बोटाला काचते, दहा मिनिटांत मनगट भरून येतं. शेजारी एक म्हातारे बाबा हमखास अर्धी मात्रा मागे. त्यांना सोडून पुढे जाता येत नाही, सगळ्यांनी लय धरून ठेवायची. स्वतःचा वेग दुसऱ्यासाठी आवरायला मी तिथे शिकले, आणि अध्यात्मात याहून मोठं काही शिकले असं मला आजही वाटत नाही. बंद खोलीत बसून ते कळलं नसतं, कारण तिथे मागे राहणारं कुणीच नसतं.

आता दुसरी बाजू. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून पहारे लावलेले असतात. वडिलांचा पहारा रात्री दोन ते चार. सगळं गाव झोपलेलं, मंडपात एक दिवा, आणि ते वीणा छातीशी धरून उभे. ते गेल्यावर त्यांचा पहारा मी मागितला. सप्ताहाच्या मंडळींनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग एक जण म्हणाले, "ताई, बायकांनी वीणा घ्यायची आपल्याकडे रीत नाही. आणि तुमच्या अडचणीचं कोण बघत बसणार?" ज्या मंडपात मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई यांचे अभंग माना डोलवून गायले जात होते, तिथेच हे ऐकलं. सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न सहाशे वर्षांपूर्वी देवाला तोंडावर विचारून ठेवलाय. तो आमच्या मंडळींना पाठ होता, ऐकू मात्र आला नव्हता.

मी सोडलं. नोकरीमुळे पुण्यात राहत होतेच, चार वर्षं सप्ताहाला गेले नाही. घरी ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, सकाळी एकटी बसायचे, तुमच्यासारखीच. पहिले सहा महिने फार छान गेले. मग हळूहळू लक्षात आलं की मन लागेल त्या दिवशी मी बसते, नाही लागलं की सुट्टी घेते. ज्या ओव्या मला बोचतात त्या भरभर वाचते आणि आवडतात त्यांच्यावर रेंगाळते. मला अडवायला कुणी नव्हतं. रीतीच्या नावाखाली अडवणारं कुणी नव्हतं, तसंच माझी लबाडी ओळखून अडवणारंही कुणी नव्हतं.

त्या काळात इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, पहिले नऊ दिवस मौन, ठरलेलं जेवण, ठरलेली बैठक. जी साधना मी 'एकटीची' म्हणून निवडली होती, तीही कुणीतरी वेळापत्रकात बांधून, सेवक नेमून, दानावर चालवून माझ्यापर्यंत पोचवली होती. तुमची वीस मिनिटंही अशीच कुठून तरी आली आहेत. कुठल्या तरी मठात, विहारात, आश्रमात लोकांनी ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जपली म्हणून ती तुम्हाला मिळाली. संघटनेचं हे देणं नाकारता येत नाही.

पण जपणारेच दार अडवतात, हेही तितकंच खरं. पंढरपूरला महाद्वारी नामदेवांची पायरी आहे, तिच्यासमोर चोखोबांची समाधी. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. जिवंतपणी त्यांना जातीमुळे आत जाऊ दिलं नव्हतं, आणि मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरच. आत त्यांचे अभंग गायले जात राहिले आणि त्यांची माणसं बाहेर उभी राहिली, सहाशेहून अधिक वर्षं. १ मे १९४७ ला साने गुरुजी उपोषणाला बसले, १० मे रोजी उपोषण सुटलं, मंदिर सर्वांना खुलं करण्याचं तेव्हा मान्य झालं. विरोध करणाऱ्यांत देवाधर्माची नित्यनेमानं सेवा करणारी माणसं होती. आणि गुरुजींना उपोषणाला जागा दिली ती पंढरपुरातल्याच तनपुरे महाराजांच्या मठानं. याच परंपरेच्या आतल्या एका माणसानं आपलं दार उघडलं. संघटित धर्म म्हणजे अमुकच असं एका वाक्यात मला म्हणता येत नाही, ते यामुळे.

मी परत कशी आले ते सांगते. एका आषाढीला सुट्टी काढून माउलींच्या पालखीबरोबर चार मुक्काम चालले. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम चालू असतात. चोपदार दंड उंच करतात, "हो" अशी आरोळी देतात आणि क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती आपले टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ खणखणत राहतात. चोपदार चालत त्यांच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात, मग ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, शिस्त लष्करी आहे. पण तिच्यात तक्रारीचा आवाज ठेवलाय, आणि आरतीच्या आधी ठेवलाय. त्या रात्री मला झोप आली नाही. मी टाळ वाजवत राहायला हवं होतं, आणि मी मंडपच सोडून गेले होते.

म्हणून तुम्हाला इतकंच सुचवीन. ध्यान सोडू नका, कुणाच्या धाकानं माळही घालू नका. घराजवळ हरिपाठ, सत्संग, जे काही चालत असेल तिथे आठवड्यातून एकदा जा, निदान सहा महिने, मन नसेल त्या दिवशीसुद्धा. तिथे प्रश्न विचारून बघा. प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तरी चालेल, पण प्रश्न विचारणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी तशीच राहते का ते पाहा. राहत नसेल तर खुशाल उठून या. पैसा, भीती, 'आमच्याशिवाय गती नाही' असली भाषा कानावर आली तर पहिल्याच दिवशी उठून या.

सप्ताहाला मी आता जाते. तीन वर्षं मागितल्यावर गेल्या वर्षी दुपारी बाराचा पहारा मिळाला. वीणा हातात दिली ती त्याच अर्धी मात्रा मागे असणाऱ्या बाबांनी, आता ते खुर्चीवर बसून असतात. रात्री दोनचा अजून मिळालेला नाही. यंदा पुन्हा मागणार आहे.