ईआरसीपीचं ९५ टक्के यश म्हणजे नक्की काय मोजलेलं असतं?

वडिलांच्या पित्तनलिकेत खडा आहे, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत केलेला उपचार) करायचीय आणि डॉक्टर ९५ टक्के यश म्हणाले, त्याचा अर्थ तुम्ही विचारलाय. मी बरीच वर्षं एंडोस्कोपी युनिटमध्ये नर्स आहे, तिथलं ईआरसीपीचं रजिस्टर मीच लिहिते, म्हणून त्या बाजूने सांगते.

आधी बघायचं की ९५ टक्के कुठल्या पेशंटमधले. दुर्बीण लहान आतड्यात नेऊन पित्तनलिकेच्या तोंडात, म्हणजे पॅपिलात, वायर घालणं हे सगळ्यात अवघड काम. पण ज्याचं ते तोंड आधीच कापून मोठं केलंय आणि जो नुसता स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बदलायला आलाय त्याच्यात वायर सहज जाते, अशा केसेस धरल्या की आकडा फुगतो. म्हणूनच अमेरिका आणि युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनांनी किमान ९० टक्क्यांचं टार्गेट ठेवलंय ते फक्त न कापलेल्या पॅपिलासाठी. १ सेंटिमीटरपेक्षा लहान खडे काढायचं टार्गेट पण ९०च. आणि दुसऱ्या खेपेला खडा निघाला तर पहिली खेप अपयश म्हणूनच लिहायला हवी, ती खोडली तर रजिस्टरला काही अर्थच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे घरी गेल्यावर काय झालं. ईआरसीपीनंतर साधारण ३ ते १० टक्के लोकांना स्वादुपिंडाला सूज येते, कधीकधी पेशंट त्याच दिवशी घरी गेलेला असतो आणि पोटात दुखायला लागलं की जवळच्या दुसऱ्याच हॉस्पिटलात ॲडमिट होतो. आमच्या रजिस्टरमध्ये तो 'ठीक'! मी प्रत्येकाला ३० दिवसांनी फोन करायला लागले तेव्हा पूर्वी कधी न दिसलेल्या सुजेच्या केसेस समोर आल्या, फार वाईट वाटलं.

ही सूज कमी करता येते, २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोक्याच्या पेशंटना गुदद्वारातून इंडोमेथासिन हे सूज कमी करणारं औषध दिल्यावर प्रमाण १७ वरून ९ टक्क्यांवर आलं. तेव्हा ते औषध दिलं का हेही मोजायचं असतं.

नुसतं निदान करायचं असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) पुरते, तुमच्या वडिलांचा खडा त्यात नक्की दिसलाय ना ते आधी बघा. मग डॉक्टरांना विचारा, न कापलेल्या पॅपिलात पहिल्या खेपेला तुमचं यश किती, आणि नंतर पेशंटला फोन कोण करतं. विचारताना अजिबात संकोच करू नका.