'मूळ पाप' नव्हे, 'उपजत पाप'

माणूस पापासह जन्मतो की नाही यावरून उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन आणि ख्रिस्ती तपस्वी पेलाजियस यांच्यात झालेल्या वादावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'ओरिजिनल सिन'साठी 'आदिपाप' लिहावे की 'मूळ पाप', आणि 'फ्री विल'ला 'इच्छास्वातंत्र्य' चालेल का. 'इच्छास्वातंत्र्य' खुशाल लिहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर दिले पाहिजे, कारण 'रस्ता खचला, पण याचे मूळ पाप निविदेतच आहे' अशी वाक्ये हल्ली रोज कानांवर आदळतात. त्यांत 'मूळ पाप' म्हणजे नुसती पहिली चूक. तोच अर्थ मनात धरून वाचक पाचव्या शतकातील या वादाकडे वळतो आणि पहिल्याच पानावर फसतो.

पहिला मनुष्य आदाम याच्या पापाचा वारसा प्रत्येकाला जन्मतःच मिळतो, हा या वादातील 'ओरिजिनल सिन'चा अर्थ. हा शब्दप्रयोग बायबलमधला नाही. लॅटिनमधील 'पेक्कातुम ओरिजिनाले' ही शब्दजोडी ऑगस्टीनने 396-97 च्या सुमारास, मिलानचा धर्मगुरू सिम्प्लिसियानस याच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत वापरली. ती पेलाजियसला हरवण्यासाठी घडवली गेली, असे जे ठामपणे लिहितात त्यांनी सनावळी एकदा पाहावी: पेलाजियसचा सहकारी सेलेस्टियस याच्यावर उत्तर आफ्रिकेतील कार्थेजला आरोप ठेवले गेले ते 411 मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी.

आता 'ओरिजिनालिस' या विशेषणाकडे वळतो. ते 'ओरिगो'वरून आले, आणि 'ओरिगो' आला 'ओरिरी' या क्रियापदावरून. 'ओरिरी' म्हणजे उगवणे आणि जन्माला येणे. सूर्याचे उगवणे लॅटिन माणूस याच क्रियापदाने सांगत असे आणि उगवत्या सूर्याची दिशा, म्हणजे पूर्व, तिला 'ओरिएन्स' म्हणत असे. आपल्याकडेही म्हातारी माणसे पूर्वेला 'उगवत' म्हणतात. 'उगवतीकडचे शेत' आणि 'मावळतीकडचे शेत' हे शब्द गावात आजही ऐकू येतात. इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकाच क्रियापदातून पूर्व दिशा काढावी, याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो. तेव्हा 'ओरिजिनालिस' हे विशेषण 'पहिला' या क्रमाबद्दल बोलत नाही, ते जन्मासोबत येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलते. त्याला मराठीत अगदी घरचा शब्द आहे, आणि तो म्हणजे 'उपजत'. उपजत शहाणपण, उपजत खोड, तसेच उपजत पाप. (काही जण 'उपजणे' हे 'उप' आणि 'जन्' यांवरून लावतात. ते मला मान्य नाही. संस्कृत 'उत्पद्यते', प्राकृत 'उप्पज्जइ' आणि मराठी 'उपजणे' अशी सरळ वाट असताना आडवाटेने जाण्याचे कारण नाही.)

ऑगस्टीनला हाच अर्थ अभिप्रेत होता याचा पुरावा त्याच्या झाडांच्या दाखल्यांत सापडतो. बाप्तिस्म्याने आईवडिलांचे पाप धुतले गेले असेल, तर त्यांचे मूल पापासह कसे जन्मते, असा पेलाजियसच्या बाजूचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता. त्यावर ऑगस्टीनने ऑलिव्हच्या झाडाकडे बोट दाखवले: लागवडीच्या ऑलिव्हचे बी पेरले तरी उगवतो तो रानटी ऑलिव्हच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. हापूसची कोय रुजवली म्हणून हापूस मिळत नाही, रायवळ उगवतो. हापूस हवा तर कलमच करावे लागते. प्रतिपक्षातील सर्वांत तिखट लेखणीचा माणूस, एक्लानमचा ज्युलियन, ऑगस्टीनच्या पक्षाला 'त्रादुचियानी' म्हणून हिणवत असे. 'त्रादुक्स' म्हणजे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ओढून नेलेली द्राक्षवेलाची फांदी. पाप असे वेलासारखे पिढ्यान्‌पिढ्या सरकत जाते असे मानणारे, हा त्या शिवीचा अर्थ. शिवी देणाऱ्यालाही शब्दाचा गाभा नेमका कळला होता. आपल्या 'आदि' आणि 'मूळ'वाल्यांना तो कळू नये, याचे मला वाईट वाटते.

ऑगस्टीनला ग्रीक नीट येत नव्हते म्हणून हा सारा सिद्धांत उभा राहिला, असेही एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 5:12 मधील ग्रीक शब्दांचा अर्थ 'सर्वांनी पाप केल्यामुळे' असा लावला जातो आणि मराठी बायबलही तसाच देते. ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन पाठावरून 'ज्याच्या (म्हणजे आदामाच्या) ठायी सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघत होता, हे खरे. पण सगळा भार त्या एका ओळीवर टाकणे मला पटत नाही. त्याच्या दीडशे वर्षे आधी कार्थेजचाच बिशप सिप्रियन याने लिहून ठेवले होते की, नुकत्याच जन्मलेल्या बालकाने स्वतः काही पाप केलेले नसते, मात्र आदामाच्या वंशात जन्मल्यामुळे प्राचीन मरणाचा संसर्ग त्याला झालेला असतो. उत्तर आफ्रिकेत बालकांना बाप्तिस्मा दिला जात होता, आणि तो 'पापांच्या क्षमेसाठी' हेच शब्द उच्चारून दिला जात होता. ज्या बाळाने अजून काही केलेच नाही त्याला कसली क्षमा, हा प्रश्न व्याकरणातून नव्हे, तर त्या पाण्याच्या कुंडाशी उभा राहिला होता.

पेलाजियसचे म्हणणे असे की, पाप पसरते ते अनुकरणाने, वंशाने नव्हे. पाप न करण्याचे सामर्थ्य देवाने प्रत्येकाला दिले आहे, आणि इच्छा व कृती आपली आहे. सेलेस्टियसवरील आरोपांत तर स्पष्टच होते की, त्याच्या मते आदामाच्या पापाने आदामाचेच नुकसान झाले, मानवजातीचे नाही. म्हणजे भाषांतरात 'आदिपाप' लिहिले की ती एकदाच घडलेली, दूरची, दुसऱ्या कोणाची घटना ठरते, आणि वाचक नकळत सेलेस्टियसच्या बाकावर जाऊन बसतो. मग 'कृपे'ची, म्हणजे देवाच्या साहाय्याची, एवढी गरज ऑगस्टीनला का वाटली, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. तेव्हा माझा सल्ला असा की, पेलाजियसच्या बाजूचे वाक्य असेल तेथे 'आदामाचे पाप' लिहावे आणि ऑगस्टीनचे असेल तेथे 'उपजत पाप'. पेलाजियसची मते नाकारणाऱ्या, कार्थेजच्या 418 च्या धर्मसभेचे ठराव भाषांतरात आले, तर तेथेही 'उपजत' हाच शब्द ठेवावा.