आभा कार्ड काढू का? सासऱ्यांच्या कागदांच्या पिशवीचं काय करू?

प्रश्न: ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, शुगर-प्रेशर दोन्ही आहे आणि मागच्या वर्षी हार्टचा त्रास झाल्यापासून दर तीन महिन्यांनी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) जावं लागतं. सगळे कागद एका कापडी पिशवीत ठेवलेले, यंदा पावसात त्यांना बुरशी आली. दीर पुण्याहून सांगतात आभा कार्ड काढ, सगळं मोबाईलवर येतं. आता कळलं की मागे एका दवाखान्यात काउंटरवर ओटीपी घेऊन न सांगताच ते काढलंय, त्यामुळे भीती वाटते. आणि कार्ड असलं की उपचार फुकट होतात का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण हा गोंधळ खूप घरांत आहे. आभा म्हणजे फक्त १४ आकडी आरोग्य ओळख नंबर, त्याने एक रुपयाही माफ होत नाही. पैशाचं बघते ती गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, आणि सासरे ७० च्या वरचे आहेत म्हणून ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही त्यांच्यासाठी आहे, पण ते वेगळं काढावं लागतं.

न सांगता ओटीपी घेतला हे चूकच झालं. आभा ऐच्छिक आहे, नको असेल तर बंद करता येतं. पण घाईने बंद करू नका. नंबर घेतला म्हणून सगळे रिपोर्ट दिल्लीत एका जागी जमा होत नाहीत, जिथे तपासणी झाली तिथेच ते राहतात आणि दुसऱ्या डॉक्टरने मागितले तर अ‍ॅपवर तुमची परवानगी विचारली जाते, किती दिवसांसाठी द्यायची तेही तुम्हीच ठरवता. फोन करून कोणी आभासाठी ओटीपी मागितला तर मात्र सरळ ठेवून द्या.

आता दीर म्हणतात ते. ते अर्धंच खरं आहे. आभाची ही योजना २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झाली, पण तुमची लॅब किंवा दवाखाना तिला जोडलेला असेल तरच रिपोर्ट आपोआप येणार. पिशवीतले जुने कागद तुम्हालाच चढवावे लागतील, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे.

एक दुपार काढा. सगळे कागद उन्हात वाळवून जमिनीवर पसरा आणि तीनच गोष्टी आधी शोधा, शेवटचं डिस्चार्ज समरी, सगळ्यात नवा ईसीजी आणि सध्याच्या गोळ्या. ईसीजीचा तो गुलाबी चौकटींचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, वर्षा-दोन वर्षांत रेषा पुसट होतात, म्हणून पुढच्या वेळेपासून काढला त्याच दिवशी फोटो घ्या, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, तारीख दिसेल असा. गोळ्यांच्या पट्ट्या उलट्या ठेवून नावासकट फोटो काढा. आभाच्या अ‍ॅपमध्ये हे सगळं ठेवता येतं, शिवाय दिरांनाही पाठवून ठेवा.

ईसीजीवर एवढा जोर का देते? छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की डॉक्टर नवा ईसीजी जुन्याशी लावून बघतात, जुनाच बदल आहे की आत्ता झालाय ते त्यातून कळतं. गोव्यात लहान सरकारी हॉस्पिटलातून ईसीजी फोनवर गोमेकॉच्या हृदयरोग विभागाकडे जातो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन गरज असेल तर तिथेच देतात आणि मग पेशंटला बांबोळीला हलवतात. वाळपईसारख्या ठिकाणी ह्याने जीव वाचतो, मला आरोग्यातल्या सगळ्या डिजिटल गोष्टींत हीच सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या आईला रात्री दोनला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे, आणि फाइल घरी कपाटात. मला नाव आठवेना. ती पाच मिनिटं मी अजून विसरले नाहीये.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात, बस बदलून जाणं जमत नाही. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवायच्या सेवेवर, दाखवलं तर चालेल?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: चालेल, पैसे लागत नाहीत आणि चिठ्ठी मोबाईलवर मिळते. व्हिडिओ जमत नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात विचारा, तिथूनही डॉक्टरांशी जोडून देतात. पण गुडघा सुजलाय, गरम लागतोय, ताप आहे असं असेल तर हात लावून तपासणारा डॉक्टरच हवा. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं ह्याला व्हिडिओ नाही, १०८.