तारे आले, उल्का का नाही?

प्रश्न : डिसेंबरात जेमिनिड्स उल्कावर्षावाला पहाटेपर्यंत बसलो. डोळ्यांनी तीसेक उल्का पाहिल्या, फोटोत मात्र एकच, तीही पुसट. किट लेन्स १८ एमएमला, एफ ३.५, आयएसओ ४००. अंधुक येतायत म्हणून एक्सपोजर वाढवत मिनिटापर्यंत नेलं तर तारे लांबुळके आणि आकाश पांढरट. चुकलं कुठे?

उत्तर : ताऱ्याचं गणित उल्केला लावलंत, आणि हे सुरुवातीला आम्ही सगळ्यांनीच केलंय. तारा जवळपास जागच्या जागी असतो, शटर जितकं उघडं तितका त्याचा उजेड त्याच पिक्सेलवर साचत जातो. उल्केचं तसं नाही ना. जेमिनिड सेकंदाला साधारण ३५ किलोमीटर धावते आणि जळते १०० किलोमीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे डोक्यावरून आडवी गेली तर सेकंदाला २० अंश. तुमच्या लेन्सला हिशोब करून बघितला तर एका पिक्सेलवर ती सेकंदाचा हजारावा भागसुद्धा थांबत नाही! मग शटर १० सेकंद ठेवा नाहीतर मिनिटभर, रेघ तेवढीच उजळ. वाढतं फक्त मागचं आकाश, आणि त्यात ती बुडते.

त्यामुळे उल्केसाठी खरा खेळ अ‍ॅपर्चरचा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. एफ १.८ ची वाइड लेन्स कुणाकडून मिळाली तर एफ ३.५ च्या जवळजवळ चौपट उजेड आत येतो. आयएसओने (सिग्नल वाढवून फोटो उजळ करणारा आकडा) आत येणारा उजेड वाढत नाही हे खरं, पण कमी आयएसओला पुसट रेघ बऱ्याच कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या नॉईजमध्येच, म्हणजे दाणेदार ठिपक्यांतच, हरवते, म्हणून १६०० ते ३२०० ठेवा. एक्सपोजर १५ सेकंद, शटरचं बटण दाबलेलंच लॉक करून एकामागून एक फोटो चालू द्या. आणि मेन्यूतलं लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन आधी बंद करा, कारण ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडवून ठेवतं, अर्धी रात्र तिथेच गेली आणि मोठी उल्का नेमकी तेव्हाच पडते (हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आहे). जेमिनिड्स पुनर्वसूजवळून आल्यासारख्या दिसतात, पण कॅमेरा थेट तिकडे रोखू नका, तिथे रेघा आखूड येतात. तीस-चाळीस अंश बाजूला धरा. फोकस मात्र व्याधावर, लाइव्ह व्ह्यू दहापट झूम करून, ठिपका बारीकात बारीक होईपर्यंत, आणि मग रिंगला चिकटपट्टी.

प्रश्न : लागोपाठ तीन फोटोंत एक रेघ पुढे पुढे सरकलीय. एवढी लांब उल्का असू शकते का?

उत्तर : नाही हो, उपग्रह आहे. उल्का बहुतेक वेळा सेकंदाच्या आत संपते, म्हणजे एकाच फोटोत. झूम करून बघा, उल्का बारीक सुरू होते, मध्ये फुगते, शेवटी पुन्हा निमुळती, आणि कितीतरी वेळा सुरुवातीला हिरवट झाक असते. उपग्रहाची रेघ पांढरी, एकसारखी. लुकलुकत्या ठिपक्यांची माळ असेल तर विमान. फसवतात ती गोल गोल फिरणारी रॉकेटची रिकामी टाकी, उजळते-विझते, आणि एखाद्या उपग्रहाच्या पॅनेलवरून ऊन परावर्तित झालं की रेघ दोन्हीकडून निमुळती, अगदी उल्केसारखी! मी एकदा असाच फोटो 'अग्निगोल' म्हणून सगळ्यांना पाठवला होता, पुढच्या फोटोत तीच रेघ अंधुक होत चाललेली होती ते नंतर दिसलं. तेव्हापासून आधीचा-नंतरचा फोटो डिलीट करत नाही.

प्रश्न : स्पेस स्टेशनची रेघ आकाशाच्या मध्यातच तुटली. शटर बिघडलं का?

उत्तर : शटर ठणठणीत आहे, स्टेशन पृथ्वीच्या सावलीत शिरलं. ते स्वतः चमकत नाही, ४०० किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याकडे अंधार पडला तरी त्याच्यावर ऊन असतं, ते संपलं की गायब. रेघेचं टोक नीट बघा, विझण्याआधी किंचित तांबूस झालेलं सापडेल, तो स्टेशनचा सूर्यास्त. इथेही एक्सपोजर वाढवून रेघ उजळत नाही, फक्त लांब होते. डोक्यावर असताना ते सेकंदाला साधारण एक अंश सरकतं, म्हणजे १५ सेकंदांत १५ अंश, असे फोटो नंतर एडिटिंगच्या लायटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल ठेवणारा) जोडा. दोन फोटोंमध्ये जितका वेळ जाईल तेवढी फट रेघेत राहणार. स्टेशन भरपूर तेजस्वी, त्याला आयएसओ ४०० चालतं.

प्रश्न : मोबाइलवर जमेल का?

उत्तर : स्टेशन जमेल, उल्का नशिबाने. नाइट मोड नको, तो बरेच फोटो एकत्र करताना हलणारी गोष्टच पुसून टाकू शकतो. प्रो मोड, १० सेकंद, फोकस अनंतावर, आणि स्टँड हवाच.