म्युनिकहून एका दिवसात किल्ला, तळं आणि गोल फिरून परत येणारा मध्यम ट्रेक कुठला करावा?

जुलैच्या शेवटी येताय, लोहगड-राजगड केलेले आहेत, सोबत साठीच्या पुढची आई आहे आणि बसमधून उतरून किल्ल्यासमोर फोटो काढून परत यायचं नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मग डोळे झाकून फ्युसेनला जा. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला सगळेच जातात, पण बहुतेक लोक फ्युसेन स्टेशनवर उतरले की समोरच्या बसमध्ये बसतात आणि थेट किल्ल्यांखालच्या होहेनश्वानगाऊ गावात तिकीट खिडकीपाशी पोचतात. तुम्ही तसं करू नका. स्टेशनवरून चालत निघा, काल्वारियनबेर्ग नावाची टेकडी चढा, पलीकडून उतरून किल्ल्यांकडे जा. आम्ही इथेच राहतो आणि पुण्याहून कोणी आलं की मी त्यांना याच वाटेने नेते.

वाट अशी. जुन्या गावातून लेश नदीच्या पुलावर या, पूल ओलांडला की आधी उजवीकडे नदीकाठाने थोडं जाऊन लेशफाल बघून या, हा बांध घालून केलेला धबधबा आहे, पाणी दुधाळ हिरवं, फोटोत बघितलं तर कोणी रंग वाढवलाय असं वाटतं पण ते खरंच तसंच असतं. मग मागे येऊन चर्चच्या बाजूने काल्वारियनबेर्गची चढण सुरू होते. येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे दाखवणारी छोटी छोटी देवळं वाटेत लागतात, त्यामुळे चढताना आपोआप थांबणं होतं. उंची ९५३ मीटर आहे पण गावच ८०० मीटरवर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढ दीडशे मीटरच्या आसपास, लोहगड केलेल्या माणसाला अर्धा तास पुरे.

वर तीन क्रूस आहेत. एका बाजूला फ्युसेनची लाल कौलं आणि त्यामागे फॉर्गेनझे तळं पसरलेलं, दुसरीकडे खाली जंगलात श्वानझे तळं, आणि त्याच्यावर आधी गावाच्याच नावाचा पिवळा होहेनश्वानगाऊ किल्ला आणि मग डोंगराला टेकून पांढरा नॉयश्वानस्टाइन. दोन्ही किल्ले आणि दोन्ही तळी एका जागेवरून. मला विचाराल तर अख्ख्या दिवसातली सर्वात चांगली जागा हीच आहे, इथे डबा उघडा, घाई करू नका.

फॉर्गेनझेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण लोक एप्रिलमध्ये येतात आणि हिरमुसतात. ते नैसर्गिक तळं नाही, लेश नदीवर धरण बांधून १९५४ मध्ये झालेलं आहे, आणि हिवाळ्यात ते मुद्दाम रिकामं ठेवतात म्हणजे आल्प्सचा बर्फ वितळून येणारं पाणी त्यात मावतं आणि खालच्या गावांना पूर येत नाही. आपलं पवना पावसाळ्यात भरतं आणि मे महिन्यात तळ दिसतो, इथे तळ हिवाळ्यात आणि वसंतात दिसतो, मैलभर नुसता चिखल. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरलेलं असतं, तेव्हा तुमची तारीख अगदी बरोबर आहे.

तिथून श्वानझेकडे उतरा, पिवळ्या पाट्या जागोजागी आहेत, त्यावर किती वेळ लागेल तेही लिहिलेलं असतं, चुकायला होत नाही. पुढे झाडीतून आल्पझे तळ्याच्या काठावर येता. पाणी इतकं नितळ की काठावरचे दगड आत बरेच लांबपर्यंत मोजता येतात. पोहायचं असेल तर टॉवेल घ्या, गार असतं पण जुलैमध्ये लोक पोहतात.

आता नॉयश्वानस्टाइन किल्ला. होहेनश्वानगाऊ गावातून वर चालत अर्धा-पाऊण तास, रस्ता डांबरी आणि कंटाळवाणा, पटकन उरका. आतून बघायचा की नाही हा प्रश्न सगळे विचारतात. आत फक्त गाइडबरोबर सोडतात, तासाभराच्याही आत बाहेर, फोटो काढायचे नाहीत, आणि उन्हाळ्यात तिकीट आधी ऑनलाइन घेतलेलं बरं. दरबाराचा हॉल अप्रतिम आहे, सोनं, मोझाइक, सगळं आहे आणि सिंहासन नाही, कारण ते बसवायच्या आधीच किल्ला बांधणारा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा गेला. १८६९ मध्ये बांधकाम सुरू झालं, जून १८८६ मध्ये त्याला वेडा ठरवून इथूनच नेलं आणि दुसऱ्याच दिवशी तो श्टार्नबेर्गच्या तळ्यात मेलेला सापडला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला किल्ला तिकीट लावून लोकांना उघडला. त्याला तो एकट्यासाठी हवा होता, हे आत फिरताना आठवलं की मला खरंच वाईट वाटतं. पण लढाईचा किल्ला म्हणून बघायला जाऊ नका, इथे बुरूज आहेत ते दिसायला. वेळ आणि पैसे यात निवडायचं झालं तर मी आतलं सोडेन आणि मारियनब्रुके हा पूल नक्की करेन, किल्ल्याच्या मागे दहा-पंधरा मिनिटांवर, दरीच्या जवळजवळ ९० मीटर वर. पायाखाली लाकडी फळ्या आहेत, माणसं चालली की हलकेच दबतात, उंचीची भीती असेल तर टोकाशी उभं राहूनही किल्ला दिसतो.

परत येताना डांबरी रस्ता टाळून श्वानझेच्या बागेतून सपाट वाटेने फ्युसेन, तास-सव्वा तास. सगळं मिळून १२ ते १४ किलोमीटर, थांबत थांबत सहा-सात तास धरा.

रेल्वेगाडीचं म्हणाल तर म्युनिकहून साधारण दोन तास, कधी मध्ये बदलावी लागते. बायर्न टिकट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं रेल्वे तिकीट, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, त्यामुळे लोकांना वाटतं उशीर होईल, पण मी तर म्हणेन आठवड्यातल्या दिवशीच जा. जुलैअखेर रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि या क्रमाने गेलात तर किल्ल्यापाशी चार-साडेचारला पोचता, तोवर टूरच्या बसेस परतायला लागलेल्या असतात.

आईंना टेकडी नको असेल तर त्यांना घरच्या कोणाबरोबर फ्युसेनहून ७३ किंवा ७८ नंबरच्या बसने होहेनश्वानगाऊला पाठवा, तुम्ही आल्पझेला त्यांना भेटा. वर जायला घोडागाडी आहे, ती किल्ल्याच्या थोडी खाली सोडते, शेवटचा चढ चालावाच लागतो हे त्यांना आधी सांगून ठेवा. काठी असेल तर घ्या.

आणि दुपारी गडगडाटी पाऊस इथे जुलैमध्ये नेहमीचा आहे. सकाळीच अंदाज वाईट असेल तर काल्वारियनबेर्ग सोडा, ओल्या मुळांवरून पाय सरकतो. त्याऐवजी सगळे मिळून बसने जा आणि आल्पझेची गोल फेरी मारा, पाचेक किलोमीटर आहे, आईंनाही पूर्ण जमेल.