तारे नव्हे, आधी आकडा बघा
अमेरिकेत कॉलेजं हायस्कूलच्या फुटबॉल खेळाडूंची भरती करतात, तिच्याकडे नव्याने बघत असाल, तर खेळाडूला मिळालेल्या ताऱ्यांमागचा गुणांचा आकडा आधी बघा. या खेळाडूंना गुण देणाऱ्या २४७स्पोर्ट्स या साइटवर ९८ ते १०० म्हणजे पाच तारे, ९० ते ९७ चार, ८० ते ८९ तीन. म्हणून ८९ आणि ९० यांतला फरक नावापुरता, पण तारा एकदम वाढतो. पाच तारे साधारण ३२ जणांनाच, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत ३२ निवडी. म्हणजे हा पुढचा अंदाज आहे, आजच्या खेळाचं बक्षीस नव्हे. लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंबाबत फारच जपून, सतराव्या वर्षी अंग भरलेलं नसतं. एनएफएलमधला जे. जे. वॉट हायस्कूलला दोन ताऱ्यांचा टाइट एंड (आक्रमणातली जागा) होता, गाजला डिफेन्सिव्ह एंड (बचावातली जागा) म्हणून! एकाच साइटवर विसंबू नका. कंपोझिट, म्हणजे अनेक साइट्सचे गुण एकत्र करून काढलेला आकडा बघा, आणि स्कॉलरशिप कोणत्या कॉलेजांनी देऊ केली तेही.