पारंपरिक मराठी दागिन्यांवरून स्वतःचे मॉडर्न डिझाइन्स करायचेत, ज्वेलरी डिझाइनची डिग्री लागतेच का?

नाही, स्वतःचा ब्रँड काढायचा असेल तर डिग्री लागतेच असं नाही, आधी एखाद्या कारागिराशेजारी काही महिने बसून तार ओढणं, झाळणं (म्हणजे धातूचे तुकडे वितळवलेल्या धातूने जोडणं), पॉलिश हे हाताने करून बघा. मी रविवार पेठेतल्या कारागिरांकडून काम करून घेते म्हणून सांगते, कागदावर छान दिसणारं डिझाइन बरेचदा घालता येत नाही, म्हणजे ठुशी गळ्यालगत नीट बसते ती दाट गुंफलेल्या मण्यांमुळे आणि मागच्या गोंड्याच्या दोरीमुळे, ते न समजता नुसती चेन लावली की ती उलटीपालटी होत राहते. आणि प्रत्येक ऑक्सिडाइज्ड पेंडंटला नथ चिकटवली की झाली मराठी ओळख, असं नसतं हो! बुगडीचा इअरकफ, चिंचपेटीच्या एका पेटीची अंगठी, असं काहीतरी करा, आणि सुरुवात ९२५ चांदीत (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदीत) करा कारण सोन्यात भांडवल अडकतं, शिवाय हॉलमार्किंगचे नियमही कडक आहेत. फक्त मोठ्या पेढीत डिझायनरची नोकरी हवी असेल तर मात्र कोर्स आणि कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, दोन्ही लागेल, शिवाय तिथे पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामाचे नमुनेही बघतात.